अर्धा सूर वर

गाणं ऐकायचं असलं की मामा आधी चष्मा काढायचे. काड्या मिटून तो शर्टाच्या खिशात ठेवायचे, खिशावरून एकदा हात फिरवायचे आणि मान खाली घालून बसायचे. "डोळे उघडे ऱ्हायले की कान आळशी होत्यात, ताई," असं त्यांचं म्हणणं. कुणाच्या लग्नात सनई सुरू झाली की चष्मा खिशात. बँकेच्या रांगेत कुणाच्या मोबाइलवर एखादी लकेर वाजली की चष्मा खिशात, आणि मग रांग पुढे सरकली तरी हे आपले जागेवरच. लोकांना वाटायचं, माणूस उभ्या उभ्या पेंगला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण गाण्याचा दर्दी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर झब्बा येतो, अत्तर येतं, पहिल्या रांगेत बसून दिलेली दाद येते. मामांच्या अंगावर वाळूजच्या कंपनीचा निळा युनिफॉर्म असायचा आणि आयुष्यात ते एकाही मैफलीला गेले नव्हते. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तिथं लोक बोलत्यात."

आमची ओळख कंपनीतली. तिथल्या स्टँडर्ड रूममध्ये मी काम करते. कंपनीत मोजायला जी साधनं वापरतात ती स्वतः बरोबर मोजतात की नाही, हे तपासणारी ती खोली. मामा प्रेस शॉपमध्ये तपासनीस होते. प्रेसमधून पत्र्याचा नग बाहेर पडला की त्याला गेज, म्हणजे मापाचं साधन, लावून पास की नापास ते सांगायचं. दोघंही उस्मानपुऱ्यातले, दोन गल्ल्यांच्या अंतरावरचे, एकाच शिफ्टच्या बसने जाणारे. मी वयाने वीस वर्षांनी लहान, पण माझी जीभ तिखट आहे, म्हणून की काय, ते मला पहिल्या दिवसापासून 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणत. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची, गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत. फोन उचलला की ते स्वतःही "मामा बोलतोय" असंच सांगायचे.

प्रेस शॉपमध्ये त्यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. नवा ऑपरेटर नगामागून नग नापास करत सुटला की मामा मागून येऊन म्हणायचे, "नगाला शिव्या देण्याआधी गेज तपास की बाबा." दहातल्या सात वेळा खरोखरच गेज झिजलेलं निघायचं आणि माझ्या खोलीत यायचं.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. बसमध्ये मामा शेजारी बसले की अर्धा तास मी गाण्याबद्दल ऐकायची. गाणाऱ्यांची नावं मला तेव्हाही लक्षात राहायची नाहीत. पण तेही कुठे नावं घेत होते? पुरुष असला की 'बुवा', आणि बाई एकच. नुसत्या 'बाई'.

या बाई त्यांच्या आयुष्यात चुकून आल्या. मामा बिडकीनच्या पुढच्या एका खेड्यातले, शेतकरी घरातले. गाणं म्हणजे गावातलं भजन, एवढीच ओळख. नोकरी लागली त्या वर्षी त्यांनी शहागंजातून एक जुना कॅसेट डेक घेतला आणि पैठण गेटजवळच्या एका दुकानातून भजनाची कॅसेट आणली. दुकानदाराने गडबडीत डबी भजनाची दिली आणि आत कॅसेट भलतीच.

"बाई नुसतं आऽऽ करायल्या," मामा सांगायचे. "मला वाटलं, भजनाआधी आवाज लावायल्या. म्हणलं लावू द्या. एक बाजू संपली तरी बाईंचा आवाज काय लागंना! दुसऱ्या दिवशी परत लावली. आठ दिवस मी भजनाची वाट बघितली ताई. नवव्या दिवशी ध्यानात आलं, मला आता भजन नकोच हाय."

दुकानदाराला चूक कळली तेव्हा तो बदलून द्यायला तयार होता. मामांनी रिकामी डबी त्याला परत दिली आणि कॅसेट ठेवून घेतली. त्यानंतर त्याच दुकानातून इतक्या कॅसेटा आल्या, की घरातल्या भांड्यांच्या मांडणीचे वरचे दोन खण त्यांनी घेतले आणि मामींचे डबे खाली आले.

ऐकण्याचे त्यांचे नियम होते. पहिल्या शिफ्टहून घरी यायचं, तोंड धुवायचं, चहा घ्यायचा आणि कॅसेटची एक बाजू ऐकायची. एकच. दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी. "दोन जेवणं एका टायमाला करतो का आपण?" सकाळचे राग फक्त सुट्टीच्या दिवशी, कारण बाकीच्या सकाळी बसमध्ये जायच्या. आणि बाजू संपून डेकचा खटका पडेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या अर्ध्या तासात लसूण सोलत.

"लसणाचा आवाज होत नाय, म्हणून मला तेवढंच काम दिलंय," मामी मला सांगायच्या. "इतक्या वर्षांत मी सोललेल्या लसणात अख्ख्या उस्मानपुऱ्याला फोडणी बसली असती."

बऱ्याच कॅसेटा कुणाकुणाच्या मैफलींतून भरून घेतलेल्या होत्या, आणि मामांनी त्यांना स्वतःची नावं ठेवली होती. एकीत मागून कुणीतरी सारखं खोकायचं, ती 'खोकल्याचा पूरिया'. एकीत ऐन रंगात कपबशी फुटायची, ती 'कपबशीचा यमन'. एकीत गाण्याबरोबर चिमण्या चिवचिवायच्या, ती 'चिमण्यांची तोडी'. खोकणाऱ्याचा मला राग यायचा, मामांना नाही. "बिचारा बसला तर खरा शेवटपर्यंत," ते म्हणायचे. "आता खोकला कमी झाला असंल त्याचा."

आणि कान! कानांना हा माणूस तळहाताच्या फोडासारखं जपायचा. प्रेस शॉपमध्ये कानात बोळे घालायचा नियम आहे, तो निम्मे लोक पाळत नाहीत. मामा बोळे घालायचे आणि त्यावर कान झाकणारे मोठे मफ चढवायचे. पोरं हसायची. "मामांनी कान तिजोरीत ठेवलेत," म्हणायची. मामा बोटाने खूण करायचे, ऐकू येत नाही. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात वरातीला डीजे होता, तर हे वरातीच्या इतके मागे चालत राहिले, की वाटेत दुसरी वरात आली आणि मामा तिच्यातून पुढे गेले. तिकडच्या लोकांनी त्यांना फेटा बांधला होता. तो फेटा डोक्यावर घेऊन ते पुतण्याच्या मांडवात पोचले.

या सगळ्या जपणुकीचं कारण एक कॅसेट. बाईंचा मारवा. मारवा हा सूर्य बुडायच्या वेळचा राग, हे मला मामांमुळे माहीत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यासाठी राखलेली. आणि त्या कॅसेटवर मामांचा एक लाडका सिद्धांत होता.

झालं असं होतं, की त्यांच्या गल्लीत गाण्याच्या शिकवण्या घेणारे एक मास्तर राहत होते. एकदा ते पेटी घेऊन मामांच्या घरी आले आणि मारव्याबरोबर त्यांनी पेटीची पट्टी दाबून बघितली. मग म्हणाले, "गंमत आहे. या बाई कायम काळी चारमध्ये गातात. इथे अर्धा सूर वर लागल्या आहेत." मास्तर चहा पिऊन गेले. मामांच्या डोक्यात मात्र ते घट्ट बसलं. बाई त्या दिवशी अर्धा सूर वर का गायल्या?

"खुशीत होत्या," मामांनी निष्कर्ष काढला. "माणूस खुशीत असला की आवाज चढतोच. त्या दिवशी बाईंच्या घरी कायतरी चांगलं झालेलं असणार." मग दर वर्षी या चांगल्या घटनेत भर पडू लागली. आधी बाईंच्या मुलाला नोकरी लागली. मग रुसलेला भाऊ घरी परत आला. एका वर्षी तर आजारी आई उठून बसली. मामा हे इतक्या खात्रीने सांगायचे, की बसमधले लोक शेवटी विचारायचे, "मग आई आता कशी आहे?"

"पुढल्या वर्षी बाईंच्या घरी बारसं करा," मामी म्हणायच्या.

हे असंच चालत राहिलं असतं. पण एका दिवाळीच्या तोंडावर डेक बंद पडला. आतला पट्टा तुटला होता. पुण्याला असलेली त्यांची मुलगी दिवाळीला आली होती. तिने वडिलांना नवा फोन दिला, एक छोटा स्पीकर दिला आणि इंटरनेटवर शोधून काढून तोच मारवा लावून दिला. तोच, त्याच मैफलीतला. शेवटी टाळ्यासुद्धा त्याच. पोरीला वाटलं, बाबा खूश होतील. मामांनी चष्मा काढला, खिशात ठेवला. दोन मिनिटांनी म्हणाले, "बंद कर." आणि चष्मा लावून गच्चीवर गेले.

हे मला पुष्कळ नंतर समजलं. मला एवढंच दिसलं, की बसमध्ये मामा गप्प असतात. मारव्याचा वार आला आणि गेला, चकार शब्द नाही. मी चिडवून पाहिलं, "काय, बाईंच्या घरी बारसं झालं की नाही?" तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नगर नाक्याला आज लई गर्दी हाय." गर्दी रोजच असते.

मग कंपनीत कानांच्या तपासणीची गाडी आली. दर वर्षी येते. प्रेस शॉपवाल्यांना सक्तीची असते आणि मामा तिथे सगळ्यांत आधी उभे असायचे. त्या दिवशी त्यांनी रजा टाकली. मी चिडले. माझ्या कामात, तपासणीच्या दिवशी जे साधन सापडत नाही तेच बिघडलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते आपण होऊन माझ्या खोलीत आले. स्टँडर्ड रूमला दोन दारं आहेत, एकामागे एक, त्यामुळे आत बाहेरचा आवाज येत नाही. मामा स्टुलावर बसले. हातात डबा होता, तो उघडला नाही.

"ताई, कान गेले."

मला ते इतक्या हळू सांगितलं, की मीच "काय?" म्हणून विचारलं.

"बाई खाली उतरल्यात. अर्धा सूर. आन् थकल्यावानी गात्यात, पाय वढत चालल्यावानी. आधी वाटलं फोन नवा हाय. मग दुसरं लावलं. बुवांचं लावलं, तोडी लावली. समदे खाली, समदे थकलेले. एक नाय, दोन नाय, सगळेच कसे थकतील? म्हंजी कान माझेच गेले." थांबले. "त्या सेफ्टीच्या डॉक्टरनं सांगितलं व्हतं ना, आवाजात काम करणाऱ्याचं आधी वरचं ऐकू यायचं बंद होतं. माझं वरचं गेलं. आज अर्धा गेला. उद्या पुरा जाईल."

"मग काल तपासून का घेतलं नाही?"

"तपासलं की कागदावर येतं ताई. कागदावर आलं की खरं होतं."

"अहो, तुम्ही आयुष्यभर लोकांचे नग नापास केलेत!"

"नगाचं येगळं हाय," मामा म्हणाले. "नगाला घरी जाऊन गाणं ऐकायचं नसतं."

मी त्यांचा डबा उघडला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोन घास खाल्ले.

त्या शनिवारी मी त्यांना जवळजवळ ओढत उस्मानपुऱ्यातल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एका बंद खोक्यासारख्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन देतात आणि हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. काचेतून मला मामा दिसत होते. आत गेल्या गेल्या त्यांनी चष्मा काढला. बटणावर अंगठा असा ठेवला होता, जसा देवाच्या पायावर ठेवतात.

डॉक्टरांनी कागद पाहिला. त्यावर दोन रेघा होत्या, एक डाव्या कानाची, एक उजव्या. "किती वर्षं प्रेस शॉपमध्ये आहात?" त्यांनी विचारलं. मामांनी सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा कागद पाहिला. "तुमच्या वयाला उत्तम कान आहेत. डावा अगदी किंचित कमी. पण ते वय आहे, आजार नाही."

मला हायसं वाटलं. मामांना नाही. बाहेर येऊन आम्ही रसाच्या गाड्यापाशी उभे राहिलो, तेव्हा त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मशीनला शिट्टी ऐकू येती का नाय तेवढंच कळतं. बाई कुठं हायेत, ते मशीनला काय ठाव?" आता त्यांना वाटू लागलं होतं, की बिघाड कानाच्याही आत आहे, डोक्यात, जिथे डॉक्टर पोचत नाही. तेव्हा मला राग आला नाही. भीती वाटली.

त्यांना घरी सोडायला गेले तर मामींनी मला दारातच थांबवलं. "आता संध्याकाळी घरात कुणी बी बोलू शकतं बघा," त्या म्हणाल्या. "पण बोलावंसं वाटत नाय. भिंतीकडं बघत बसत्यात. मी लसूण घेऊन बसते आन् तसाच ठिवून देते." इतकी वर्षं ज्या अर्ध्या तासाची त्यांनी चेष्टा केली, तो गेल्यावर त्यांचेही हात रिकामे झाले होते.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर एक गेज आलं. ऑपरेटरची तक्रार होती, की नव्या गेजवर सगळा माल नापास होतोय, जुन्यावर सगळा पास व्हायचा. मी जुनं मागवून घेतलं आणि मोजलं. जुनंच चुकीचं होतं. कित्येक महिने चुकीचं मोजत होतं, पण एकसारखं चुकीचं, म्हणून कुणाला संशय आला नाही. मी ते हातात धरून किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग मला एकटीलाच हसू फुटलं.

परतीच्या बसमध्ये मी मामांच्या शेजारी बसले. "मामा, नवा फोन यायच्या आधी मारवा कुठे कुठे ऐकला होता?"

"घरी. डेकवर."

"दुसरीकडे कुठे? रेडिओवर? मास्तरांकडे?"

"नाय. डेकवरच."

"आणि तोडी? खोकला? कपबशी?"

"डेकवरच की."

"या एवढ्या वर्षांत तो डेक कुणी तपासला होता का?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. बस छावणीच्या वळणावर होती. त्यांना काहीतरी उमगलं असावं, पण त्यांनी ते आत येऊ दिलं नाही. आशा धरायला माणूस भितो, तसे ते भ्यायले होते. "कान नाय तर डेक काय करू," एवढंच म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी डेक मी आणि मामींनीच रिक्षात घातला. मामा मागून आले, आम्ही डेक पाडू म्हणून. शहागंजात अजून एक म्हातारे मिस्त्री आहेत, ज्यांच्याकडे असल्या वस्तू दुरुस्त होतात. त्यांनी डेक उघडला, तुटलेला पट्टा चिमट्याने बाहेर काढला, नवा चढवला. मामींनी पिशवीतून मारवा काढून दिला. रस्त्यावर हातगाड्या, हॉर्न, फळवाल्यांची ओरड. त्या सगळ्यात बाईंनी सूर लावला.

मामांनी चष्मा काढला. खिसा सापडेना, म्हणून हातातच धरला. मग त्यांनी माझं मनगट असं पकडलं, की बांगडी रुतली. "आल्या! ताई, बाई वर आल्या! कान परत आले माझे!" आणि हा साठीला आलेला माणूस भर दुकानात रडायला लागला. मामी पदराने त्यांचं नाक पुसू लागल्या, जसं लहान मुलाचं पुसतात.

मी त्यांना रडू दिलं. मग फोनवर तोच मारवा लावून त्यांच्या कानाशी धरला. बाई खाली. पुन्हा डेक. बाई वर. पुन्हा फोन.

"मामा, एका मिनिटात कान जातात आणि येतात का?" मी म्हटलं. "नगाला शिव्या देण्याआधी काय तपासायचं असतं?"

मी पर्समधून स्टँडर्ड रूममधलं स्टॉपवॉच काढलं. तपासलेलं, शिक्का असलेलं, साहेबांची परवानगी काढून आणलेलं. फोनवर त्या मारव्याची लांबी लिहिलेली होती, एकोणतीस मिनिटं. आम्ही कॅसेट सुरुवातीला नेली आणि बाईंच्या पहिल्या सुरापासून टाळ्यांपर्यंत मोजली. मिस्त्री वैतागले. "अर्धा घंटा दुकान में गाना सुनेंगे क्या आप लोगां?" त्यांना चहा पाजला. टाळ्या वाजल्या तेव्हा घड्याळात सत्तावीस मिनिटं वीस सेकंद झाली होती.

"बाई दोन्हीकडे तेवढंच गायल्या," मी म्हटलं. "मग पावणेदोन मिनिटं गेली कुठे? तुमचा डेक पळतोय. टेप जोरात पळाली की आवाज वर चढतो आणि गाणं लवकर संपतं. मास्तर म्हणाले होते ना, बाई काळी चारमध्ये गातात? फोनवर त्या काळी चारमध्येच आहेत. अर्धा सूर वर डेक होता."

मिस्त्रींनी मान वाकवून आत पाहिलं आणि मोटारीच्या मागचा एक बारीक स्क्रू दाखवला. "ये तो पहले से घुमाया हुआ है मामू. पुराने मालिक ने किया होंगा, शादी के गाने तेज बजने कू."

मामा त्या स्क्रूवर वाकले. मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार. आयुष्यभर ऐकलेलं सगळं चुकीचं निघालं. पण हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मला कळलं की ते हसतायत. पोट धरून हसले. "एकच नग तपासला आन् आख्खा लॉट पास केला मी! मास्तरानं मारवा वर हाय म्हणलं, तर बाकीच्या बी तपासायच्या का नाय? समदेच वर व्हते! बुवा वर, चिमण्या वर, खोकणारा बी अर्धा सूर वर खोकत व्हता!" मग दोन्ही कानांवर हात ठेवले आणि हलकेच म्हणाले, "चांगले हायेत. माझे चांगले हायेत."

"म्हंजी बाईंच्या घरी कायच झालं नव्हतं?" मामींनी विचारलं.

"झालं असंल की. आपल्याला काय ठाव?"

मिस्त्रींनी स्क्रूवर पेचकस टेकवला. "बराबर करू, के रहने दू?" सवय झालेली असते माणसाला. राहू द्या म्हणाले असते तर मी काही बोलले नसते. मामांनी डेकवरून एकदा हात फिरवला. "करा बरोबर," म्हणाले. "चुकीचं म्हाईत झाल्यावर ठिवता येत नाय."

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी मी पहिल्यांदा पूर्ण मारवा ऐकला. मामी लसूण घेऊन बसल्या. मी गप्प राहिले, माझ्या मानाने हे फार आहे. मला त्यातलं कळलं नाही, पण मामांचा चेहरा दिसत होता. सुरुवातीला ते अवघडल्यासारखे होते, नवीन घरात पाहुणे बसतात तसे. मग एका ठिकाणी त्यांनी मान वर केली. खटका पडल्यावर म्हणाले, "तिथं बाई श्वास घेत्यात. ध्यानात आलं का? आधी कधी ऐकूच आला नाय मला. डेक घाई करत व्हता." आणि खिडकीतून बाहेर बघितलं. "इतकी वर्षं मी सूर्य पावणेदोन मिनिटं आधीच बुडवायलो, ताई."

मामा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि मामींना, डेकला आणि कॅसेटांना घेऊन गावी राहायला गेले. बसमध्ये आता माझ्या शेजारी पॅकिंगमधली एक मुलगी बसते. तीही कानात काहीतरी घालून ऐकत असते, पण काय ते सांगत नाही. मला अर्ध्या तासाची सवय होती. ती अजून गेली नाही.

वर्षातून एकदा मात्र फोनवर एक फोटो येतो. कुठल्यातरी शिबिरात किंवा बिडकीनच्या डॉक्टरकडे जाऊन मामा कान तपासून घेतात आणि कागदाचा फोटो मला पाठवतात. सोबत अक्षरही नसतं. मी तो मोठा करून दोन्ही रेघा बघते, आणि मगच चहा घेते.

या वर्षीच्या फोटोत डावी रेघ खाली आली होती. किंचित नाही, चांगली खाली. मी तसाच फोन लावला. मामींनी उचलला आणि कुजबुजत म्हणाल्या, "ऐकायलेत. खटका पडला की लावायला सांगते." वीस मिनिटं मी फोन हातात धरून बसले होते.

"बोला ताई," मामांचा आवाज आला. खणखणीत.

"डावा कान उतरलाय मामा."

"व्हय, उतरलाय जरा," ते म्हणाले. "म्हणून बाईंना आता उजव्या हाताला बसवलंय. त्यांची कायच तक्रार नाय."